उशिरा कळलेला विदूषक

गेल्या पावसाळ्यात राखीला आलेली माझी नणंद चार दिवस आमच्याकडेच अडकली. सती नदीला पूर, रस्त्यावर पाणी, एसटी बंद. कुरखेड्यात राहणाऱ्यांना याचं काही नवल नाही. पहिला दिवस गप्पांत गेला, दुसरा भजी-वड्यांत गेला, तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांनाच कंटाळा आला. संध्याकाळी लाइट आली तसा माझा मुलगा मोबाईल टीव्हीला जोडून म्हणाला, "आत्या, कोणता सिनेमा लावू?"

"लक्ष्याचा लाव बाप्पा एखादा. हासाले तरी येईल," नणंद म्हणाली.

मुलाने शोधाशोध केली आणि लावला 'एक होता विदूषक'. नाव बघितल्याबरोबर माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, हा नको. हा बोअर आहे."

बोलून गेले आणि मलाच आश्चर्य वाटलं. हा सिनेमा मी एकदाच पाहायला बसले होते, तोही अर्धा. त्याला आता तीस वर्षं होत आली. पण माझा निकाल मात्र अजून जसाच्या तसा तयार होता!

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा गणपतीत व्हिडिओ भाड्याने आणायची पद्धत होती. कलर टीव्ही, व्हीसीआर आणि रात्रभराच्या तीन कॅसेटी. शेजारपाजारच्या बाया, पोरंटोरं, सगळे आमच्या ओसरीवर. 1995 च्या गणपतीत असाच व्हिडिओ आणला होता. लक्ष्मीकांत बेर्डेचा सिनेमा म्हटल्यावर ओसरी गच्च भरली. 'धूमधडाका', 'अशी ही बनवाबनवी', 'झपाटलेला' हे सिनेमे सगळ्यांच्या तोंडावर होते. लक्ष्या पडद्यावर आला की काही बोलायच्या आधीच लोक हसायला लागत.

त्या रात्रीही लोक हसायच्या तयारीनेच बसले होते. पण पडद्यावरचा लक्ष्या काही वेगळंच करत होता. अर्धा तास झाला आणि पोरं कुरकुरायला लागली. बाया एकेक करून उठल्या. मी स्वयंपाकाचं निमित्त काढलं. कोणीतरी ओरडलं, "बदल ना रे कॅसेट!" पण कॅसेट बदलली नाही, कारण माझे सासरे, ज्यांना आम्ही मामाजी म्हणत होतो, ते अगदी टीव्हीच्या पुढ्यात बसले होते. त्यांनी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. एकट्याने. एवढंच नाही, सकाळी कॅसेट परत करायच्या आधी त्यांनी शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला. आम्ही आपसात हसलो. म्हटलं, मामाजींचा वेळ जात नाही.

मामाजी धानाची शेती करायचे आणि दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की गावच्या मंडळाच्या नाटकात काम करायचे. काम नेहमी विनोदी. आमच्या झाडीपट्टीत नाटक म्हणजे काय असतं ते इकडच्या मैत्रिणींना सांगायला नको. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक चालतं. वडसा म्हणजे या नाटकांची राजधानी. रडारडीचा प्रवेश संपला की विनोदी पात्र येतं आणि थंडीत चादरी पांघरून बसलेले लोक हसून हसून गरम होतात. मामाजी ते काम करायचे. घरात मात्र त्याचं कौतुक नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "रातभर नाचते आन् दिवसा झोपते."

असा होता तो सिनेमा

आता या सिनेमाबद्दल थोडं सांगते. 'एक होता विदूषक' आला 1992 साली. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल, निर्मिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, म्हणजे एनएफडीसीची. लेखन पु. ल. देशपांडे यांचं. 1953 च्या 'गुळाचा गणपती'नंतर कितीतरी वर्षांनी पु. लं. नी पुन्हा सिनेमासाठी लेखणी हातात घेतली होती. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडक यांचं. मधू कांबीकर, वर्षा उसगावकर, निळू फुले, दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे अशी एकाहून एक माणसं त्यात होती.

गोष्ट आबूराव नावाच्या सोंगाड्याची. तमाशात नाचणाऱ्या बाईच्या पोटी जन्मलेला हा पोरगा. फडात वाढतो, लोकांना हसवायला शिकतो, मोठा होतो, सिनेमात जातो. नाव होतं, पैसा येतो. मग राजकारणातल्या लोकांना वाटतं की याच्यामागे एवढी गर्दी आहे, तर आपल्यालाही तिचा उपयोग आहे. साऱ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं घर मात्र उभं राहत नाही. आणि त्याची एक लहानगी मुलगी असते, ती हसतच नाही. सगळं जग हसवलं, पण पोटच्या पोरीच्या चेहऱ्यावर हसू आणता येत नाही, हे त्याचं दुःख.

त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या सिनेमाला मिळाला. नृत्यदिग्दर्शनासाठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जाणकारांनी लक्ष्मीकांतच्या कामाची तारीफ केली. पण थेटरात गर्दी झाली नाही. लोकांना त्यांचा 'लक्ष्या' हवा होता. हा गंभीर, थकलेला, आतून तुटलेला माणूस त्यांना नको होता. लक्ष्मीकांत पुन्हा विनोदी सिनेमांकडे वळला. डिसेंबर 2004 मध्ये, वयाच्या पन्नाशीत तो गेला. आज कोणालाही विचारा, लक्ष्मीकांतचं सगळ्यात मोठं काम कोणतं? जाणती माणसं 'एक होता विदूषक'चंच नाव घेतात. तरुण मुलं शोधून शोधून तो पाहतात. पण हे ऐकायला तो नाही.

आमच्या ओसरीवर 1995 साली जे झालं, तेच साऱ्या महाराष्ट्रात झालं होतं. आम्ही दाराशी आलेल्या पाहुण्याला "तू तो नाहीस" म्हणून परत पाठवलं.

पुराच्या रात्री

तर त्या पुराच्या रात्री मुलाने माझं ऐकलं नाही. "आई, पहा तर एकदा," म्हणाला. मीही शेंगा सोलत बसले. अर्ध्या तासाने शेंगा तशाच राहिल्या.

मला खरं सांगायचं तर स्वतःचंच नवल वाटत होतं. सिनेमा तोच होता. एक प्रसंग बदलला नव्हता, एक वाक्य बदललं नव्हतं. मग तेव्हा जो कंटाळवाणा वाटला तो आता काळजाला का भिडत होता? तेव्हा मी पंचविशीच्या आतली होते. माणूस हसतो म्हणजे तो सुखी आहे, इतका सोपा माझा हिशेब होता. त्यानंतर मी घरात दोन मरणं पाहिली, पिकं बुडालेली पाहिली, पाहुण्यांसमोर हसून चहा देणाऱ्या आणि आत जाऊन डोळे पुसणाऱ्या बाया पाहिल्या. त्यांतली एक मी स्वतःही होते. आता मला आबूराव कळत होता.

मुलगी हसत नाही तो भाग आला तेव्हा माझं लक्ष नणंदेकडे गेलं. ती पदराने तोंड दाबून रडत होती. सिनेमा पाहून डोळे ओले होतात तसं हे रडणं नव्हतं. मुलाने घाबरून टीव्हीचा आवाज कमी केला.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वैनी, बाबा त्या दिवशी हा सिनेमा एकटेच का पाहत बसले होते, ते आज समजलं मले."

मग तिने जे सांगितलं ते मला इतकी वर्षं या घरात राहून माहीत नव्हतं. ती सहावीत असताना मंडईच्या नाटकात मामाजी लुगडं नेसून आले होते. लोक लोळून लोळून हसले. दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनी तिला 'नकल्याची पोरगी' म्हणून चिडवलं. तेव्हापासून तिने बापाच्या नाटकाकडे पाहायचंच सोडलं. आईबरोबर जावं लागायचं, पण ती चादरीत तोंड घालून पडून राहायची. आणि प्रत्येक नाटकानंतर सकाळी मामाजी तोंडावरचा रंग पुसत तिला विचारायचे, "काल हासली का वं माय?" ती दरवेळी सांगायची, "झोप लागली होती."

"झोप नाई लागायची वं वैनी," नणंद म्हणाली, "मी जागीच राहायची. मले हासूई यायचं. पन मी तोंडात चादर कोंबायची."

मामाजी जाऊन आता बारा वर्षं झाली.

सिनेमाच्या नशिबातही उशीर असतो

त्या रात्रीपासून मी अशा सिनेमांचा विचार करते आहे, जे आले तेव्हा कोणी पाहिले नाहीत आणि नंतर लोकांनी डोक्यावर घेतले. ही यादी लहान नाही.

सगळ्यात आधी आठवतो गुरुदत्तचा 'कागज के फूल'. 1959 चा हा सिनेमा. भारतातला पहिला सिनेमास्कोप सिनेमा, म्हणजे रुंद पडद्यावरचा. एका मोठ्या दिग्दर्शकाची उतरती कळा त्यात दाखवली आहे. लोकांना तो अजिबात आवडला नाही आणि सपशेल पडला. गुरुदत्तने त्यानंतर सिनेमे काढले, पण दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव पुन्हा कधी लावलं नाही. 1964 साली तो गेला, अवघ्या एकोणचाळीसाव्या वर्षी. पुढे कितीतरी वर्षांनी हा सिनेमा परदेशात दाखवला गेला, लोक थक्क झाले आणि आता तो जगातल्या थोर सिनेमांत मोजला जातो. त्यातल्या उन्हाच्या झोताचं छायाचित्रण करणारे व्ही. के. मूर्ती यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो 2008 सालचा. सिनेमा येऊन तोवर जवळपास पन्नास वर्षं झाली होती.

दुसरा 'जाने भी दो यारो'. 1983 साली कुंदन शाह यांनी एनएफडीसीच्या पैशातून, सात लाखांच्या आत-बाहेर खर्चात काढलेला. आपली 'ती फुलराणी', भक्ती बर्वे, त्यात संपादक बाई झाली आहे. थेटरात आला तेव्हा फार गाजावाजा झाला नाही. मग दूरदर्शनवर दाखवला जाऊ लागला आणि घराघरांत पोहोचला. पूल कोसळतो, कंत्राटदार आणि साहेब मिळून खातात आणि साधी माणसं अडकतात, ही गोष्ट जसजशी वर्षं गेली तसतशी लोकांना जास्तच खरी वाटायला लागली. 2012 साली तो नव्याने साफसूफ करून पुन्हा थेटरात आणला.

अलीकडचं उदाहरण 'तुंबाड'चं. राही अनिल बर्वे या मराठी दिग्दर्शकाचा हा हिंदी सिनेमा. कोकणातला न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि माणसाची हाव. याचं मूळ बीज नारायण धारपांच्या भयकथेत आहे. ही कथा दिग्दर्शकाला एका मित्राने ऐकवली होती ती आपल्या शेजारच्या नागझिऱ्याच्या जंगलात! ऑक्टोबर 2018 मध्ये सिनेमा आला तेव्हा बेताचाच चालला. पण ज्यांनी पाहिला त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, दुसऱ्यांनी तिसऱ्यांना. सप्टेंबर 2024 मध्ये तो पुन्हा थेटरात लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. सहा वर्षांनी!

परदेशातही असंच घडतं. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' हा अमेरिकेतला 1946 चा सिनेमा. दुसऱ्यांसाठी झिजून झिजून हताश झालेल्या एका माणसाला कळतं की आपण नसतो तर गावाचं काय झालं असतं. तेव्हा त्याचा खर्चही निघाला नाही. 1974 साली त्याचे हक्क नव्याने नोंदवायचे कोणी विसरलं, म्हणून टीव्हीवाले तो फुकटात दाखवू लागले. दर नाताळात घरोघर लागायला लागला. आता तिकडे त्याच्याशिवाय नाताळ होत नाही म्हणतात. कारकुनी विसरभोळेपणाने एका सिनेमाचं नशीब उघडलं!

या सगळ्यांत मला एक गोष्ट दिसते. सिनेमा पडतो त्याची कारणं पुष्कळ असतात. कधी जाहिरात नसते, कधी थेटर मिळत नाही. आमच्यासारख्या गावांपर्यंत तर कितीतरी चांगले सिनेमे आलेच नाहीत, मग आवडले की नाही हा प्रश्नच कुठे येतो? पण पुष्कळदा कारण आपल्यातच असतं. आपण मनात एक साचा घेऊन बसतो. विनोदी नटाने हसवावं. नायकाने जिंकावं. शेवट गोड व्हावा. आणि बाईने घर सोडू नये.

उंबरठ्याबाहेरची बाई

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला 'उंबरठा' आठवला. तोही जब्बार पटेलांचाच, 1982 चा. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. स्मिता पाटीलने त्यात सुलभा महाजन रंगवली. हा सिनेमा काही दुर्लक्षित नव्हता, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गाणी तर घरोघर वाजली. पण त्याच्या शेवटाबद्दल बायांचं मत कसं बदलत गेलं ते मी माझ्या घरातच पाहिलं आहे.

सुलभा चांगल्या घरची सून. नवरा वकील, घरात कशाची कमी नाही. पण तिला काम करायचं असतं. ती महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दुसऱ्या गावी जाते, लहान मुलगी जावेजवळ ठेवून. तिथल्या बायांसाठी भांडते, हरते, परत येते. येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई. सुलभा तोंड दाबून राहत नाही. पुन्हा घराबाहेर पडते.

माझ्या आईने हा सिनेमा टीव्हीवर पाहिला तेव्हा ती रागावली होती. "पोटच्या पोरीले टाकून गेली, कशाची माय ते!" हे तिचं मत. मीही मान डोलावली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी आई माझ्याकडे आली असताना तोच सिनेमा पुन्हा लागला. आई तेव्हा सत्तरीची. बाबांच्या मागे तिने शेत सांभाळलं, बँकेत सही करायला शिकली, बचत गटात जाऊ लागली. शेवट आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. म्हटलं आता बोलेल. ती एवढंच म्हणाली, "कुठी गेली असन ते? एकटीच ना?" तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. पन्नाशीच्या आतबाहेर जी बाई तिला कशाचीच माय वाटली नव्हती, तिची सत्तरीत माझ्या आईला काळजी वाटत होती.

स्मिता पाटील तर 1986 मध्येच गेली, एकतीस वर्षांची होऊन.

जपून ठेवलं तर

पण मैत्रिणींनो, उशिरा का होईना कौतुक व्हायचं तर ती वस्तू तोवर टिकून राहायला हवी. आपल्याकडे लग्नातला जुना शालू फाटला की त्याची जर काढून विकायची पद्धत होती. सिनेमांचंही तेच झालं. जुन्या फिल्ममध्ये चांदी असायची. सिनेमा चालेनासा झाला की ती रिळं चांदीसाठी वितळवली जायची. काही आगीत गेली, काही पावसात कुजली. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा', 1931 चा, त्याची आज एकही प्रत नाही. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'चाही थोडाच भाग उरला आहे.

जे उरलं त्यात पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाचा मोठा वाटा आहे. 1964 साली ते सुरू झालं. पी. के. नायर या केरळच्या माणसाने तिथे आयुष्य घालवलं. गावोगाव फिरून, गोदामांतून, लोकांच्या माळ्यांवरून त्यांनी रिळं गोळा केली. सिनेमा चांगला की वाईट हे ते ठरवत बसत नव्हते. आधी जपा, चांगलं-वाईट पुढचे लोक ठरवतील, असं त्यांचं काम होतं. आपल्या आज्या बियाण्याचं धान बांधून ठेवत तसंच हे. कोणतं रुजेल ते आज कसं सांगणार?

म्हणूनच 'एक होता विदूषक' तीस वर्षांनी आमच्या घरात परत येऊ शकला. आम्ही एकदा हाकलून दिला तरी तो कुठेतरी पेटीत पडून होता. आम्ही शहाणे होण्याची वाट पाहत होता म्हणा ना.

नाटकाचं तसं नाही. मामाजींनी वीस-पंचवीस सीझन काम केलं. त्याचं एकही चित्रण नाही. एक फोटो आहे, त्यात ते मागच्या रांगेत उभे आहेत आणि चेहऱ्यावर पडद्याची सावली आली आहे. माझ्या नणंदेला आज कितीही वाटलं की बाबांचं ते लुगड्यातलं सोंग एकदा पाहावं आणि मनापासून हसावं, तरी ते पाहायला मिळणार नाही. लक्ष्मीकांतचा आबूराव पुन्हा लावता येतो, मामाजी पुन्हा लावता येत नाहीत.

आपल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीपट्टीने आनंद केला. पाच हजारांवर प्रयोग, शेकडो भूमिका. 'झाडीपट्टीचे दादा कोंडके' म्हणून लोक त्यांना ओळखतात. दिल्लीच्या त्या दिव्यांखाली आपल्याकडचा हसवणारा माणूस उभा राहिलेला पाहून सासूबाईंनी टीव्हीला हात जोडले. मग हळूच म्हणाल्या, "तुया मामाजीलेई बरं वाटलं असतं." रातभर नाचते आन् दिवसा झोपते म्हणणाऱ्या त्या याच.

कौतुकाला उशीर झाला तर सिनेमाचं फारसं बिघडत नाही. माणसाचं मात्र बिघडतं. घरात जो हसवतो, जी राबते, जी सगळ्यांचं निस्तरून पुन्हा हसतमुखाने वाढायला बसते, त्यांच्यासाठी पुण्यात संग्रहालय नाही. त्यांना जे सांगायचं ते आत्ताच सांगायला हवं. मी हे शहाणपण कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. माझ्या नणंदेच्या त्या रात्रीच्या रडण्यातून ते मला मिळालं.

पूर ओसरला, नणंद तिच्या घरी गेली. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई होती. तिचा फोन आला, "वैनी, मी येऊन रायली. नाटकाची तिकीट काढून ठेव. समोरची."

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा स्वतःहून नाटकाला आली. आम्ही पहिल्या रांगेत सतरंजी टाकून बसलो. मध्यरात्रीनंतर विनोदी पात्र आलं. कोवळा पोरगा होता, मिशी रंगवलेली, धोतर वर खोचलेलं. नणंद पहिल्या वाक्यापासून हसायला लागली. आधी जरा जास्तच हसत होती, मुद्दाम. मग खरोखरच हसायला लागली, इतकी की बाजूच्या बाया वळून पाहायला लागल्या.

पहाटे नाटक संपलं. मी सतरंजी गुंडाळत होते तेवढ्यात ती पडद्यामागे गेली. मी मागोमाग गेले. तो पोरगा आरशाच्या तुकड्यासमोर बसून खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होता. नणंद त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, पोट दुखलं माझं हासून हासून."

त्याने तोंड वर केलं. अर्धा रंग उतरलेला, अर्धा तसाच.

"खरंच का वो ताई?"

"खरंच," नणंद म्हणाली. "एक वेळाई झोप नाई लागली."